नॅरोबोट (कॅनॉलवरची लांब, अरुंद बोट) भाड्याने घ्यायचीय, आईबाबा सोबत आहेत. कुठला कॅनॉल?

रेडिंगकर_मी: मंडळी, मे हाफ टर्मला (मुलांच्या शाळेची सुट्टी) आईबाबा नाशिकहून येतायत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं, एकूण सहा जण. सोमवार ते शुक्रवार नॅरोबोट घ्यायची म्हणतोय. बजेट १२०० पौंड, त्याच्या वर एक पेनी नाही. आईचे गुडघे दुखतात. लँगॉलेन की केनेट अँड एव्हन? आणि लायसन्स लागत नाही ना?

चेशायरचा_चिंतू: भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही, ताब्यात देताना शिकवतात. डोळे झाकून लँगॉलेन! चर्कहून निघालात की वेल्समधल्या लँगॉलेन गावापर्यंत एकही लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारं दारांचं कुंड) नाही, आणि वाटेत कॅनॉलच वरून नेणारा तो पाँटकिसिल्टेचा पूल, १८०५ चा, टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांचा. खाली १२६ फुटांवर डी नदी, एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला नुसती लोखंडी हौदाची कड, बाकी काही नाही. बायको आत पडदे ओढून बसली ती पलीकडे गेल्यावरच बाहेर आली. आम्ही सत्तर फुटी घेतली होती, आठवडाभर. तुम्हीही आठवडाच घ्या, चार दिवसांत काय होतंय.

रेडिंगकर_मी: दादा, बजेट 🙏

पाऊस_नको: वेल्समध्ये जाऊन आम्ही पाऊस बघितला फक्त. स्टिअरिंगवाला उघड्यावर, बाकीचे आत चहा पितायत, आणि तो स्टिअरिंगवाला कायम मीच. त्यात प्रोपेलरमध्ये कुणीतरी कॅनॉलमध्ये फेकलेली रजई अडकली, मग इंजिन बंद करून वीड हॅच (प्रोपेलरवरचं झाकण) उघडून त्या गार पाण्यात हात घालून ब्रेडनाइफने कापत बसा. त्यापेक्षा नॉरफोक ब्रॉड्सला (नद्या-तळ्यांचे जलमार्ग) जा, लॉकचा प्रश्नच नाही.

चेशायरचा_चिंतू: ताई नॅरोबोट विचारतायत, ब्रॉड्सला बहुतेक क्रूझर (रुंद मोटरबोटी). आणि समुद्राकाठच्या ग्रेट यारमथकडे गेलात तर भरती-ओहोटीची वेळ सांभाळत बसा.

पाऊस_नको: तिकडे जायला सांगितलंय कुणी? उत्तरेकडेच फिरायचं.

लेस्टरच्या_काकू: अगं, टॉयलेट विचारून घे आधी. कॅसेटवालं असेल तर ती पेटी उचलून रिकामी करायला घरातलाच माणूस लागतो. सहा जणांत ती भराभर भरते. आमच्याकडे हे काम जावईबापूंकडे आलं, दुसऱ्या दिवसापासून ते बोलेनात. पंप-आउटवालं (टाकी पंपाने उपसतात ते) घे.

टिलर_ताई: लँगॉलेनच घे, वर सांगितलंय तेच. पण बोट कुठलीही असो, थोडं ऐक. सहा बर्थ म्हणजे बहुतेक वेळा त्यातला एक बेड जेवायचं टेबल मोडून करायचा असतो. आईबाबांना फिक्स्ड डबल मिळेल असा लेआउट बघ, आणि केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्या खड्या असतात त्या गुडघ्यांना त्रास देतात, फोटो मागव. टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं, पहिला तासभर सगळे झुडपात घुसतात. बांधलेल्या बोटींजवळून जाताना अगदी सावकाश, नाहीतर आतून माणूस बाहेर येऊन ओरडतो. तशीही लिमिट ताशी ४ मैलच आहे. आणि लॉकमधून खाली उतरताना बोट पुढे ठेव. मागच्या गेटपाशी पाण्याखाली दगडी ओटा असतो, सिल म्हणतात, भिंतीवर पांढरी खूण असते. मागचं टोक त्याच्यावर अडकलं आणि पाणी उतरत राहिलं तर बोट तिरकी होऊन बुडते. गंमत नाही ही. मुलांना लाइफ जॅकेट कायम.

सोलापुरी_इन_स्लाव: इंडक्शन नेऊ नका, इन्व्हर्टरवर चालत नाही. गॅस असतो, कुकर न्या. आम्ही पिठलं-भाकरी केली, टोपाथवरचे (कॅनॉलकाठची पायवाट) गोरे वासाने थांबत होते 😄

लेस्टरच्या_काकू: भाकरी? त्या एवढ्याशा ओट्यावर? बोट सात फुटांहून कमी रुंद असते बाबा.

सोलापुरी_इन_स्लाव: थापून केल्या काकू. पोळपाट लागतोच कशाला.

पाऊस_नको: १२०० मध्ये हाफ टर्मला सहा जणांची मिळणार नाही, लिहून घ्या.

रेडिंगकर_मी: सगळ्यांचे आभार. मिळाली, शेवटच्या क्षणी कुणाचं तरी कॅन्सल झालं म्हणून. डिझेल धरून बजेटच्या जरा आत. पण केनेट अँड एव्हनवर 🙈 झालं असं की व्हिडिओ कॉलवर बाबांना (पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड) लॉक नसलेला रूट सांगितला तर म्हणाले, मग येऊन करू काय? त्यांना डिव्हायझेस गावची केन हिल फ्लाइट (एकामागोमाग लॉकची माळ) बघायचीय. २९ लॉक, त्यातली १६ एका रांगेत टेकडीवर, आणि त्यांच्या शेजारी पाणी साठवायला तळी. तळ्यांचा फोटो पाठवला तर रात्री दोनला मेसेज, साठा किती, उचल कशी करतात. आम्ही बोट पायथ्याशी बांधून वर चालत जाणार, आई खाली कादंबरी वाचत बसणार. सिलचं मात्र प्रिंट काढून ठेवलंय, टिलर ताई.

चेशायरचा_चिंतू: केनेटची लॉक डबल रुंदीची असतात, गेट ढकलून कंबर जाईल. लँगॉलेन सांगितलं होतं.

लेस्टरच्या_काकू: टॉयलेट कुठलं आहे ते सांगितलंच नाहीस.