तेल असलेला देशही आयात करतो, इंडोनेशिया बघा

वर कोणीतरी विचारलंय की स्वतःच्या जमिनीत तेल असेल तर तो देश बाहेरून विकत कशाला घेईल. इंडोनेशिया बघा ना. 1962 ला ओपेकमधे (तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना) गेलेला देश, सुमात्रा बेटावरच्या मिनास आणि दुरी या तेलक्षेत्रांच्या जोरावर नव्वदीत रोज 15 लाख बॅरलच्या वर काढायचा, आता ते 6 लाखाच्या आसपास आलंय. विहिरी जुन्या झाल्या, दाब गेला, तेलाबरोबर पाणीच जास्त यायला लागलं, दुरीत तर तेल एवढं घट्ट की वाफ सोडून पातळ करावं लागतं आणि त्याचा खर्च वेगळाच.

पण ही अर्धीच बाजू झाली. खप वाढत गेला त्याचं काय? सबसिडीमुळे पेट्रोल वर्षानुवर्षं स्वस्त, लोकसंख्या प्रचंड, त्यात बाइक्स वाढतच गेल्या, मग 2004 च्या सुमारास निर्यातीपेक्षा आयात जास्त झाली आणि 2009 ला ओपेक सोडलं. 2016 ला परत गेले पण उत्पादन कपातीचा विषय निघाल्यावर त्याच वर्षी बाहेर. आणि सबसिडी काढा म्हणणं सोपं आहे हो, मे 1998 मधे तिथले राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी इंधनाचे दर वाढवले आणि त्याच महिन्यात त्यांना खुर्ची सोडावी लागली (कारणं इतरही होती, पण लोक भडकले त्यात हे पण होतंच).

आपल्या मुंबईकरांना तर हे लगेच कळायला पाहिजे. बॉम्बे हाय 1974 ला सापडलं, 1976 पासून तेल येतंय, तरी देशाला लागणारं 85 टक्क्यांच्या वर क्रूड बाहेरूनच येतं, माहुलच्या रिफायनऱ्यांतही बाहेरचं क्रूड लागतंच.