बॉब डोल: १९९६ च्या पराभवापलीकडे
बॉब डोल म्हणजे १९९६ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बिल क्लिंटन यांच्याकडून हरलेले रिपब्लिकन उमेदवार, एवढीच ओळख मला फार अपुरी वाटते. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील लढाईत त्यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला; कुणी हस्तांदोलनासाठी तो धरू नये म्हणून ते त्या मुठीत पेन ठेवत. देवळालीच्या तोफखान्यामुळे आम्हा नाशिककरांच्या शेजारीपाजारी माजी सैनिक असतातच, त्यामुळे १९९० च्या अपंग हक्क कायद्यासाठी डोल यांनी घेतलेले कष्ट मला त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत मोलाचे वाटतात. डिसेंबर २०१२ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते अपंगांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या समर्थनासाठी चाकांच्या खुर्चीतून सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, आले. करार दोन तृतीयांश मतांअभावी फेटाळला गेला आणि विरोधातली सर्व ३८ मते त्यांच्याच पक्षाची होती.