छोट्या खाऱ्या टँकला बिनआवाजाचा स्किमर: असतो का, आणि लागतो का?

खारे_दाणे
मंडळी, दोन फुटी टँक आहे, ६० बाय ३५ बाय ३५ सेंमी, दगड-वाळू वजा केली तर आत पाणी ६० लिटरच्या आसपास. दोन क्लाऊन, एक गोबी हे मासे, थोडे झोआ, एक मश्रूम ही प्रवाळं. नागपुरात मानेवाड्याला फ्लॅट, टँक हॉलमध्ये आणि हॉलमध्येच बाबा दिवाणावर झोपतात, सगळी गोची इथेच आहे. हँग-ऑन स्किमर (काचेला टांगायचं यंत्र, बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण वरच्या कपात काढतं) मे महिन्यात लावला तेव्हा कोणाची तक्रार नव्हती कारण कूलर चालू होता, कूलरसमोर स्किमर काय, पिठाची गिरणी लावली असती तरी कळलं नसतं. आता डिसेंबर, पंखेही बंद, आणि रात्री अकरानंतर ते घुंऽऽ सुरू, मधेच सुर्रर्र. बाबा रात्री उठून गुपचूप बटन बंद करतात, मी सकाळी चालू करतो, मग कप उतू जातो आणि काचेवरून ओघळ.
माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं जाईल: लहान टँकसाठी सायलेंट स्किमर हा प्रकारच नाही, तो फक्त खोक्यावर छापायचा शब्द आहे. चूक असेन तर सांगा की कोणता घेऊ.

जुना_मासेवाला
कोणताच घेऊ नको. काढून टाक बे. ६० लिटरला स्किमर म्हणजे अंगणात सडा घालायला टँकर बोलावणं. आठवड्याला १० टक्के पाणी बदल, म्हणजे ६ लिटर, लिटरला धरून चाल ३५-३८ ग्रॅम मीठ, झालं सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. चार किलोचं मीठ चार महिने जाते. दोन क्लाऊन आणि गोबी घाण करून करून किती करतील! वरून पाणी बदलताना नायट्रेट पण बाहेर जाते, जे तुझा स्किमर काढतच नाही. माझा टँक याच मापाचा आहे, स्किमर कधी लावलाच नाही, घरचे शांत झोपतात.

झोआ_ताई
दादा, अर्धं बरोबर आहे तुमचं. स्किमर नायट्रेट काढत नाही हे खरं, पण नायट्रेट ज्याच्यापासून होतो ते काढतो ना. खाण्याचे उरलेले कण, माश्यांचा चिकट स्राव, त्यातली प्रथिनं बुडबुड्याला चिकटून फेसाबरोबर वर जातात, ती सडून अमोनिया व्हायच्या आधीच कपात. पाणी बदलात तुम्ही झालेली घाण पातळ करता. दोन्ही कामं वेगळी आहेत.
आणि दुसरं, तुम्ही नागपुरात राहता हे विसरून बोलताय. २५ डिग्रीला समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० ला सव्वासहाच्या जवळ येतो. मे महिन्यात चिलर नसलेला टँक दुपारी किती जातो ते तुम्हाला माहितीये. स्किमर दिवसभर पाण्यात हवा घुसळत असतो, त्या दिवसांत तो मला कचऱ्यापेक्षा श्वासासाठी हवा असतो.

जुना_मासेवाला
ताई, हवाच पाहिजे तर वेव्हमेकरचं, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाचं, तोंड वर करा, पृष्ठभाग हलला की झालं. त्यासाठी आठ-दहा हजाराची मशीन कायले?

झोआ_ताई
हलवा ना, मी पण हलवते. दोन्ही चालू ठेवते. वेव्हमेकर लोडशेडिंगला बंद पडतो तसा स्किमरही पडतो हे मान्य, म्हणून एक बॅटरीवाला एअरपंप पण ठेवते 😄 बाकी खारे_दाणे, तुमच्या घरचं सगळ्यात वाईट काय माहितीये का, स्किमर रात्री बंद होतोय. टँकचे दिवे बंद झाले की शेवाळ आणि झोआ ऑक्सिजन बनवत नाहीत, उलट वापरतात, पीएच पण पहाटेच सगळ्यात खाली असतो. बंद ठेवायचाच तर दुपारी ठेवा, बाबा ऑफिसात असतील तेव्हा.

खारे_दाणे
बाबा रिटायर आहेत ताई. दुपारी पण झोपतात.

डीसी_भक्त
उगाच फिरून रायले सगळे. डीसी पंपवाला स्किमर घ्या, विषय संपला. साधा एसी पंप ५० हर्ट्झच्या लाइनवर चालतो, त्याच्या गुणगुणीचा मुख्य सूर १०० हर्ट्झला येतो, तोच तो घुंऽऽ. डीसीत तो सूर नाही आणि रात्री स्पीड कमी करता येतो. माझा बेडरूममध्ये आहे, बॉक्सवर डेसिबल लिहिलेत, मोबाइल ॲपने मोजले, ३० पण नाही भरत.

बेसावाला
भाऊ मोबाइलच्या माइकने ३० च्या खालचं मोजणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं. आणि बॉक्सवरचे डेसिबल किती अंतरावरून, कशावर ठेवून, कप भरलेला का रिकामा, काही लिहिलेलं असतं का? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल आपोआप कमी होतात, कंपनीने दोन मीटरवर मोजलं असेल आणि काकांचा दिवाण हातभर लांब असेल तर तो आकडा काय चाटायचा?
डीसी चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण मशीन बदलायच्या आधी आवाज कुठला आहे ते तर बघा. स्किमरला एक आवाज नसतो, तीन-चार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. रात्री सगळं बंद करून हे करा: चालू स्किमर दोन्ही हातांनी धरून काचेपासून केसभर उचला. घुंऽऽ गेलं तर तो पंपाचा नाहीच, काचेचा आणि खालच्या कपाटाचा आहे, प्लायवूडचं पोकळ स्टँड म्हणजे डग्गाच, वर थाप पडली की घुमणारच. सिलिकॉनची पट्टी किंवा जुना माउसपॅड कापून मधे घाला. उचलून पण राहिलं तर इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पातं, काढा, त्यावर पांढरा थर असणार, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी यात तासभर बुडवा, ब्रशने घासा, स्वच्छ धुवा. मग हवेची नळी चिमटीत धरा. सूंऽऽ थांबलं तर तो हवा ओढायचा आवाज, नळी लांब करा आणि तिचं टोक एका छोट्या बाटलीच्या झाकणातून आत सोडा, झाकणाला दुसरं एक भोक हवेसाठी. फक्त स्पंज कोंबू नका, हवा कमी पडली की फेसच होत नाही.
आणि मधेच येणारा सुर्रर्र, तो तर मला पाण्याच्या पातळीचा वाटतो.

संत्रानगरी_नॅनो
मशीन बदलायचीच असेल तर माझं ऐका, अमेरिकेतल्या मावशीकडून मागवू नका. मी मागवला. ११० व्होल्ट ६० हर्ट्झ. म्हटलं स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावू, काय होते. तर व्होल्ट उतरले पण हर्ट्झ ५० चेच राहिले, पंप सहावा हिस्सा हळू फिरायला लागला, बुडबुडे मोठेमोठे, कपात काही येईना. आणि तो ट्रान्सफॉर्मर स्वतःच असा घुमत होता की स्किमर त्याच्यासमोर संत वाटायचा 🙏

डीसी_भक्त
म्हणूनच म्हणतो डीसी. ॲडॉप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असलं की हर्ट्झची भानगड नाही.

लाकडी_दगड
सगळे पंप पंप करून रायले पण लाकडाच्या एअरस्टोनचं कोणी बोललंच नाही. लाइमवूडचा तुकडा, त्यातून येणारे बुडबुडे धुक्यासारखे बारीक, पाण्यात फिरणारं काहीच नाही, हवा ओढणारी व्हेंचुरी नाही, इम्पेलर नाही. एअरपंप दोरीने भिंतीला टांगा, टेकला नाही की घुमला नाही. १५ वर्षं हेच करतोय. फक्त पंप पाण्याच्या वर टांगा नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह घाला, लाइट गेली की पाणी उलटं येते.

डीसी_भक्त
आणि लाकूड दर महिन्या-दीड महिन्याला बदला, ऑनलाइन मागवा, तोवर बुडबुडे मोठे होत जातात आणि एअरपंपावरचा जोर वाढून तो आणखी करवादतो. हा सायलेंट आहे? हा तर नवस आहे.

लाकडी_दगड
नवस तर नवस. तुझा कंट्रोलर पावसाळ्यात विजेने उडाला की बोल.

झोआ_ताई
😂 एक मात्र लाकडी असो का डीसी, दोघांनाही लागू. स्किमर खोलीतली हवा पाण्यात घालतो. नळीचं टोक दिवाणाजवळ असेल आणि तिथेच डासांचा स्प्रे मारला तर तो थेट टँकमध्ये. माश्यांना आणि त्यापेक्षा कोळंबीला ते सहन होत नाही. माझ्याकडे घर रंगवत होते तेव्हा दोन दिवस स्किमर बंदच ठेवला होता. मी आता नळी खिडकीतून बाहेर काढलीये, हवा ओढायचा आवाज पण बाहेर गेला आणि एसीच्या बंद खोलीत पीएच पडायचा तो पण सुधारला.

बेसावाला
खिडकीतून? मे महिन्यात? धूळ किती जाते आत!

झोआ_ताई
टोक खाली वळवलंय आणि ढिली जाळी बांधलीये, पंधरा दिवसांनी धुते. लू गरम असते पण एवढ्याशा हवेने पाणी तापत नाही, कोरड्या हवेने उडतं जास्त, ते खरं.

फक्त_वाचक
मध्ये बोलतो, माफ करा. काका म्हणत असतील तर टँकच आतल्या खोलीत हलवा की. एवढ्या ६० लिटरसाठी घरात वाद कशाला.

जुना_मासेवाला
भरलेला खारा टँक हलवून बघ एकदा. मग बोल.

खारे_दाणे
काल रात्री बेसावाला भाऊंची परीक्षा घेतली, बाबांना पण उठवून बसवलं, म्हटलं तुम्हीच जज. उचलल्यावर घुंऽऽ अर्ध्याहून जास्त गेलं. इम्पेलर काढला तर बाई बाई, चुन्याचा थर! मे पासून एकदाही साफ केला नव्हता, हे लिहायला लाज वाटते. व्हिनेगरमध्ये टाकला, आई विचारत होती हे लोणच्याचं काय चाललंय.
सुर्रर्रचं पण सापडलं. या थंडीत हवा इतकी कोरडी आहे की रोज पाऊण लिटर पाणी उडतं. वरचा पृष्ठभाग ६० गुणिले ३५, म्हणजे २१०० चौरस सेंमी, त्याच्यावर पाऊण लिटर म्हणजे साडेतीन मिलिमीटर. स्किमरचं तोंड बरोबर पृष्ठभागावरून पाणी ओढतं. मी आरओचं पाणी सकाळी टाकायचो, रात्रीपर्यंत पातळी उतरून तोंड अर्धं उघडं पडायचं आणि तो हवा गिळायचा. आता झोपताना टाकतो. इतकी साधी गोष्ट, आणि मी नवीन मशीन शोधत होतो.
सूंऽऽ अजून आहे थोडा. बाटली आज करतो.

बेसावाला
धुतल्यावर दोन-तीन दिवस फेस वेडावाकडा येईल, व्हॉल्व्हशी खेळू नका, जसा आहे तसा राहू द्या. आणि पाण्यात हात घालायच्या आधी धुवा, तेलाचा हात लागला की फेस तासनतास बसतो, मग तुम्हाला वाटेल बिघडला.

डीसी_भक्त
बरं ठीक आहे, जुनाच ठेवा. पण बिघडला की डीसीच.

खारे_दाणे
बाबा म्हणाले आवाज गेला. तरी काल रात्री उठून बटन बंद केलंच, सवय झाली म्हणे. आता बटनावर चिकटपट्टी लावलीये.

जुना_मासेवाला
म्हणजे मी सांगितलेलं कोणी ऐकलंच नाही. चालते. पैज लावू: तू स्किमर ठेव, मी पाणी बदलत राहतो, मार्चमध्ये दोघांनी नायट्रेटची टेस्ट करून फोटो टाकायचा. किट तुझी का माझी ते आधी ठरव, दोन वेगळ्या किटवर नंतर रडगाणं नको.

खारे_दाणे
माझी संपत आलीये. तुमची.