मदत हवी आहे: फायनल फँटसी ७, ८, ९ पीएस५वर पुन्हा खेळायचे आहेत, काय घ्यावं आणि कसं?

उसगाव_तिस्क

नमस्कार मंडळी.

चवथीला भाचा आमच्याकडे फोंड्याला येणार आहे. सहावीत आहे. आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे विसर्जन झाल्यावर शाळा उघडेपर्यंत घरात आम्ही दोघे, पाऊस आणि टीव्ही. त्याने आजवर पीएस५वर (प्लेस्टेशन ५) फुटबॉल आणि गाड्यांच्या शर्यती सोडून काही खेळलेलं नाही. मला त्याला फायनल फँटसी (गोष्ट सांगणाऱ्या जपानी व्हिडिओ गेमची मालिका) दाखवायची आहे. हल्लीची नव्हे, आमच्या वेळची: ७, ८ आणि ९.

आमच्या घरात हे वेड मामाने आणलं. मामा बोटीवर होता. सुट्टीवर आला की बॅगेत आमच्यासाठी चॉकलेटं आणि प्लेस्टेशनच्या सीडी. ७ च्या तीन, ८ आणि ९ च्या चार-चार. शाळा मराठी माध्यमाची, आणि पडद्यावर हे एवढं इंग्रजी! मटेरिया (७ मधले जादूचे गोळे) कशात बसवायचं हे कळेपर्यंत मे महिना संपला होता. सगळ्या सीडी अजून आहेत. कपाट दक्षिणेकडच्या भिंतीला, त्यामुळे काहींवर बुरशीचे ठिपके आलेत. हौसेने एक पीएस५मध्ये घातली, तर त्याने ती ओळखलीच नाही. जुनं प्लेस्टेशन शेवटी शेवटी उलटं ठेवलं तरच चालायचं, आता तसंही चालत नाही.

तर विचारायचं ते हे. या सीडींचा काही उपयोग आहे का, की पीएस५च्या ऑनलाइन दुकानातून नव्याने उतरवून घ्यायचं? नव्या आवृत्तीत वेग वाढवायची आणि वाटेतल्या लढाया बंद करायची सोय आहे असं ऐकलं, ती पोराला द्यावी का? मला स्वतःला ती नको आहे, पण दर दहा पावलांवर लढाई आली तर हा पोरगा अर्ध्या तासात उठेल हेही दिसतंय. शिवाय टीव्ही ५५ इंची फोरके आहे. त्यावर १९९७ चा खेळ कसा दिसतो? आणि जुन्या मेमरी कार्डात ७ चा शेवटपर्यंत आणलेला सेव्ह आहे, तो कुठे नेता येतो का?

डिचोलीकर

सीडीचं आधी सांगतो. पीएस५ पीएस४च्या डिस्क चालवतो, पीएस१च्या नाही. पीएस४सुद्धा चालवत नाही. पीएस३ मात्र चालवतो, कुठलंही मॉडेल असो. अट एकच, सीडी आणि पीएस३ एकाच रीजनचे (विक्रीच्या भौगोलिक विभागाचे) हवेत.

बुरशीबद्दल: सीडी उजेडासमोर धरा. छापील बाजूने आरपार टाचणीएवढी भोकं दिसली तर चमकणारा थर गेला, तिथे काही करता येत नाही. ठिपके फक्त खालच्या प्लास्टिकवर असतील तर मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको.

आणि एक विचारू? सीडीची पाठ काळी आहे की चंदेरी?

उसगाव_तिस्क

चंदेरी. का?

डिचोलीकर

पीएस१ची असली सीडी खालून काळी असते. 😄 मामाला काही बोलू नका, त्या काळात आपल्या इथे सगळ्यांकडे चंदेरीच होत्या. पण चंदेरी कॉपी पीएस३सुद्धा घेणार नाही, ती मशीनला चिप बसवलेली असेल तरच चालायची. तेव्हा सीडींचा विषय संपला, फ्रेम करून लावा.

मेमरी कार्डाची गोष्ट वेगळी. पीएस३साठी सोनीनेच एक मेमरी कार्ड अडॅप्टर काढला होता, यूएसबीला लागतो. त्यातून पीएस१चा सेव्ह पीएस३मध्ये जातो. तिथून पुढे पीएस४ किंवा पीएस५वर जात नाही, कारण नव्या आवृत्तीचा सेव्हच वेगळा आहे. म्हणजे तुमचा सेव्ह वाचेल, भाच्याला उपयोग शून्य.

मडगाव_लोकल

७ घेताना नाव नीट वाचा. दुकानात शोधलं की आधी 'रीमेक' समोर येतो. तो २०२० चा, पूर्ण नव्याने बांधलेला खेळ आहे, आणि त्यात मूळ गोष्टीतला फक्त मिडगार शहरापर्यंतचा भाग आहे. मूळ खेळात तुम्ही मिडगारमधून पहिल्याच सीडीवर बाहेर पडता! पुढचा भाग 'रीबर्थ' २०२४ मध्ये आला. वाईट नाहीत, मी दोन्ही खेळलोय, पण तुम्ही मागताय ते ते नाहीत. तुम्हाला हवी ती साधी 'फायनल फँटसी ७', पीएस४वर २०१५ मध्ये आलेली. ९ तिथे २०१७ मध्ये आली आणि ८ 'रीमास्टर्ड' नावाने २०१९ मध्ये. तिन्ही पीएस४च्या आहेत आणि पीएस५वर चालतात.

काजूबी

टीव्हीचं मी सांगते, कारण त्यावरून घरी भांडण झालंय.

७ मधल्या मागच्या चित्रांची उंची साधारण २४० रेषा. फोरकेच्या २१६०. म्हणजे जुना एक ठिपका तुमच्या टीव्हीवर ९ गुणिले ९, ८१ ठिपक्यांएवढा होतो. जुन्या डब्बा टीव्हीवर कडा आपोआप विरघळायच्या, त्यामुळे ते चित्र रंगवल्यासारखं वाटायचं. आता माणसं धारदार आणि मागची भिंत धूसर, असं विचित्र मिश्रण दिसतं. ८ मध्ये तर पात्रांचे चेहरे नव्याने घडवलेत आणि पार्श्वभूमी जुनीच ठेवलीय, तिथे ते जास्तच खुपतं. सवय होते, पण पहिल्या दिवशी जीव खट्टू होतो.

दोन गोष्टी करा. टीव्हीत गेम मोड लावा, नाहीतर बटण दाबल्यावर उशीर लागतो आणि ८ मधला गनब्लेडचा (बंदूक जोडलेल्या तलवारीचा) आर१ (कंट्रोलरचं वरचं उजवं बटण) नेमक्या क्षणी दाबणं जमत नाही. आणि चित्र ताणून पडदाभर करू नका! दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. माझ्या नवऱ्याला त्या पट्ट्या म्हणजे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, तुमच्याकडे तसं कुणी नसेल अशी आशा.

उसगाव_तिस्क

@काजूबी, आमच्याकडे बाबा आहेत. झूम करून बातम्यांची खालची पट्टी कापणारे.

लढाया बंद करण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

खाजन

बोलतो. याचं उत्तर तिन्ही खेळांना एकच नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

७ मध्ये एल३ (कंट्रोलरची डावी काडी आत) दाबला की तिप्पट वेग, आर३ (उजवी काडी) दाबला की लढाईत जीव वगैरे भरत राहतो, आणि दोन्ही एकत्र दाबले की वाटेतल्या लढाया बंद. तिप्पट वेगाला माझा विरोध नाही. जुने संवाद, जिने, लांबलचक जादू, सगळं सरसर होतं. संगीत मात्र आपल्याच चालीत वाजत राहतं, म्हणून छोट्या लढायांत दर वेळी त्या धूनचे सुरुवातीचे चार सूरच कानावर येतात. संगीतकार उएमात्सूंनी एवढं केलंय त्याचं काय? मी बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) आला की वेग उतरवतो.

लढाया बंद करणं ७ मध्ये महागात पडतं. तुम्ही अनुभव कमावत नाही, मटेरिया वाढत नाही, आणि बॉसपुढे जाऊन उभे राहता ते पहिल्या पातळीच्या अंगाने. मग पोरगा आर३ दाबणार, आणि आर३ दाबून जिंकलेल्या बॉसची काय मजा. रस्ता चुकून एकाच गुहेत घुमत असाल तेव्हा तेवढ्यापुरत्या बंद करा.

८ मध्ये उलटं आहे. तिथे तुमची पातळी वाढली की शत्रूंचीही वाढते. लढून लढून बलवान होण्यात फारसा फायदाच नाही, खरी ताकद जंक्शन केलेल्या (पात्राच्या अंगच्या बळाला जोडलेल्या) जादूत आणि खेळातल्याच पत्त्यांच्या डावात. मी तर शाळकरी वयात कुठेही वाट वाकडी करून लढत बसायचो आणि शत्रू हलके का होत नाहीत याचं कोडं पडायचं. ८ मध्ये लढाया बंद ठेवून फिरणं हा खेळाचाच एक शहाणा डाव आहे.

९ मध्ये मूळ प्लेस्टेशनवर लढाई सुरू व्हायलाच इतका वेळ लागायचा की वेग वाढवणं म्हणजे दुरुस्तीच म्हणा. फक्त कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या यादीतल्या) त्या पैसे पूर्ण, कौशल्यं पूर्ण करणाऱ्या सोयींपासून पोराला लांब ठेवा. त्या एकदा लावल्या की परत काढता येत नाहीत.

मडगाव_लोकल

आणि सहावीच्या पोराला ९ पासूनच सुरू करा असं माझं मत. ७ ची सुरुवात अणुभट्टीसारख्या कारखान्यात बॉम्ब ठेवण्यापासून, ८ मध्ये नायक पंचवीस तास तोंड पाडून बसतो. ९ उघडतो तो नाटक मंडळीने. उडत्या जहाजातून मंडळी राजधानीत येते, राणीसमोर प्रयोग लावते आणि प्रयोगाच्या आडून राजकन्येला पळवायचा बेत असतो. आपल्याकडे जत्रेला देवळासमोर नाटक पाहत वाढलेल्या पोराला ते लगेच कळेल. शिवाय रंगमंचावरची तलवारबाजी बटणं वेळेवर दाबून करायची असते, फुटबॉल खेळणाऱ्याचा हात तिथे बसतो.

डिचोलीकर

+१. मराठीत यातलं काहीच नाही, हिंदीतही नाही, तेव्हा वाचून दाखवणं तुमच्याकडे आलं.

काजूबी

विजेचं कुणी सांगितलंय का? चवथीत फोंड्यात पावसाने लाईट जाणारच. ७ आणि ८ मध्ये गुहेत शिरलात की सेव्हची जागा सापडेपर्यंत सेव्ह होत नाही. आणि पीएस५ रेस्ट मोडवर ठेवून जेवायला गेलात आणि लाईट गेली, तर खेळ तिथल्या तिथे बंद. ९ मध्ये ऑटोसेव्ह आहे, हे त्याच्या बाजूने आणखी एक. टीव्ही आणि कन्सोल इन्व्हर्टरवर घ्या, किंवा छोटा यूपीएस लावा.

उसगाव_तिस्क

मंडळी, देव बरें करूं.

भाच्याला फोनवर तिघांची सुरुवात व्हिडिओवर दाखवली. ७ बघून म्हणाला, "मामा, ह्यांना हात का नाहीत, नुसते मुटके?" ८ बघून काही बोलला नाही. ९ मधला तो टोकदार टोपीवाला काळा जादूगार, विवी, पळताना पडतो तिथे हसला आणि "हे घे" म्हणाला. तेव्हा ९ घेतोय. त्याच्या हातात खेळ, वेग वाढवायची परवानगी, कॉन्फिग माझ्या ताब्यात.

७ मी रात्री एकटा खेळणार, लढाया चालू ठेवून, काळ्या पट्ट्यांसकट. इन्व्हर्टरवाल्याला फोन केलाय, तो चवथीआधी येतो म्हणतोय, बघू.

आता फक्त पीएस३ आणि त्या अडॅप्टरचं राहिलं. म्हापशाच्या बाजूला जुनी कन्सोल दुरुस्त करणारं किंवा विकणारं कुणी माहीत असेल तर कळवा. मामा चवथीला घरी आहे, त्याला तो सेव्ह अजून शाबूत आहे हे दाखवायचं आहे. चंदेरी पाठीबद्दल मात्र मी त्याला विचारणार आहेच.

खाजन

दुकानाचं नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जाताना मेमरी कार्ड सोबत न्या आणि त्यांच्या अडॅप्टरवर आधी वाचून बघा. कार्डच गेलं असेल तर पीएस३ घेऊन काय करणार.