नवे पर्यटक ठीक, पण परत कोण येणार?

कोल्हापुरात पर्यटक वाढवायचे तर "जाहिरात वाढवा, नवे लोक येतील" असं कुणीतरी म्हटलंय. येतीलच. पण अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा एका दिवसात उरकून, तांबडा-पांढरा ओरपून गाडी संध्याकाळी परत. पुन्हा यायला कारण लागतं, ते अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवात आहे: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. म्हणजे दोन रात्री तरी मुक्काम.

फक्त 'हमखास दिसणार' म्हणून खोल्या विकू नका. ढग, हवेतली आर्द्रता, धूळ, वाटेतली बांधकामं, काहीही आडवं आलं की किरणं कमरेशीच विझतात. हे आधीच सांगा, आणि नोव्हेंबरात ज्याचं हुकलं त्याला जानेवारीची तारीख काउंटरवरच लिहून द्या.