अबार्थ पुंटो: चालवू की झाकून ठेवू? (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्याला घर आहे, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. गाडी २०१६ ची अबार्थ पुंटो, म्हणजे फियाट पुंटोची जास्त ताकदीची आवृत्ती, ४१ हजार किलोमीटर झालेली. पुण्यात नोकरी होती तोवर रोज चालवली. तीन वर्षांपूर्वी कायमचा घरी आलो, रोजच्याला वॅगनआर घेतली आणि ही पत्र्याच्या शेडमध्ये गेली. कारण सुट्या भागांचं. गाडी फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातली, पण तिथे आता जीप बनतात. पुढचा बंपर कुठे फुटला तर नवा कुठून आणू, या धास्तीने मी ती बाहेर काढणंच हळूहळू सोडलं.

यंदा दसऱ्याला पूजेसाठी कव्हर काढलं आणि पोटात गोळा आला. स्टिअरिंगच्या चामड्यावर पांढरी बुरशी, बोट फिरवलं की पीठ लागावं तशी. ब्रेकच्या चारही डिस्क गंजून लालभडक. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने नारळाच्या सोडणाचे तंतू आणि बॉनेटखालचा कापूस आणून घरटं केलेलं. हँडब्रेक ओढून ठेवला होता, तो जून ते ऑक्टोबर तसाच. मागची चाकं अशी धरली होती की पहिला गियर टाकून पुढे घेताना 'टक्' असा मोठा आवाज आला. पुण्यात सात वर्षांत झालं नाही तेवढं नुकसान इथे एका पावसाळ्यात, जागेवर उभ्या गाडीचं झालं.

बाबा एवढंच म्हणाले, "अरे, उपसा नसलेल्या विहिरीचं पाणी पितं का कोणी?"

सगळं साफ करून, ब्रेक तपासून एका मंगळवारी पहाटे सहाला आरे-वारेला गेलो. शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, त्या दिवशी रस्ता मोकळा होता. आरेचा चढ दुसऱ्या गियरमध्ये घेतला. दोन हजार आरपीएमच्या पुढे टर्बो जागा झाला आणि १४५ बीएचपी काय असतात ते पाठीला पुन्हा कळलं. वेग फार नव्हता, वळणावर गुरं बसलेली असतात आणि पुढे वस्ती आहे. पण जड, खरा स्टिअरिंग हातात आणि डावीकडे खाली समुद्र! वर गाडी थांबवली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ही गाडी मी पगारातून पैसे साठवून घेतली आहे.

आता खरंच सल्ला हवा आहे:

आठवड्यातून किती चालवली म्हणजे पुरे? शेडमध्येच रोज पाच मिनिटं चालू करून ठेवली तर चालेल का?

खाऱ्या वाऱ्यासाठी खालून काय करू?

टायमिंग बेल्ट (इंजिनातला रबरी पट्टा) २०१६ चाच आहे. किलोमीटर कमी आहेत, तरी बदलू का?

जयगड-तवसाळ फेरीबोटीने गुहागरला न्यायची इच्छा आहे. पुढच्या बंपरचा खालचा ओठ रॅम्पवर घासेल का?

प्रतिसाद (मालवण)

दादा, सगळ्यात आधी बेल्ट बदला. रबर वयाने म्हातारं होतं, किलोमीटरने नाही. तो तुटला तर इंजिनच जाईल, मग बंपरची काळजी करायला गाडीच उरणार नाही. टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे पण बघा. २२१६ असेल तर २०१६ च्या बाविसाव्या आठवड्यातले, नक्षी कितीही शिल्लक असो, ते काढाच.

जागेवर पाच मिनिटं चालू करू नका. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाणी साचतं. आठवड्यातून एकदा तीस-चाळीस किलोमीटर नीट चालवा. समुद्राकडून आलात की डिस्क निवू द्या, मग गोड्या पाण्याने चाकांच्या कमानी आणि खालचा भाग धुवा. ओली गाडी कव्हरखाली घालू नका. प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर फेकून द्या, आत वाफ कोंडते. उभी करताना हँडब्रेकऐवजी गियर आणि चाकाला लाकडाची उटी (अडवायला ठोकळा). ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलाच.

फेरीबोट भरतीला पकडा. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, पुंटोचं नाक तिथेच टेकेल. चाकं खाऱ्या पाण्यात भिजली तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी धुवायची.

धागाकर्ता

मनापासून आभार! टायर बघितले, २०१७ चे निघाले, बदलतोय. शेडच्या समुद्राकडच्या बाजूला चिऱ्याची भिंत घालायला गवंड्याला सांगितलंय. गुहागरला बाबाही येतो म्हणाले, भरतीची वेळ तेच काढणार आहेत.

आता फक्त बेल्ट. फियाटच्याच लिनिया टी-जेट गाडीचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे कोल्हापूर किंवा रत्नागिरीत लिनिया टी-जेटचा बेल्ट स्वतः बदललेला मेकॅनिक कोणाच्या माहितीत असेल तर निरोप करा. तोवर गाडी हळूच चालवतो.