मदत हवी आहे: हार्ट अटॅकच्या नमुन्यांत सीडी-११बी सगळ्यांचंच चढलेलं

गोदाकाठ: फ्लो सायटोमेट्रीवाल्यांनो (लेझरने एकेक पेशी मोजणारे), जरा बघा. अटॅकनंतर न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचं सीडी-११बी (पेशी सक्रिय झाल्यावर पृष्ठभागावर वाढणारं प्रथिन) मोजतोय. ईडीटीए (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब आडगावच्या वॉर्डातून बर्फाच्या डब्यात कॉलेज रोडच्या लॅबला येते, तास-दीड तास जातो. आल्यावर आधी लाल पेशी फोडतो, धुतो, मग सीडी-११बीला चिकटणारी चमकती अँटिबॉडी. रुग्णांचा एमएफआय (पेशींची सरासरी चमक) जास्त, ते ठीक. पण त्याच डब्यातून आलेलं निरोगी माणसाचं रक्तही तितकंच. लॅबमध्ये काढलेलं मात्र खाली. शिवाय सीडी-१६ (आणखी एक पृष्ठभाग-प्रथिन) असलेले मोनोसाइट ३० टक्क्यांपुढे!

पांढरी पेशी: मग हे बरंचसं डब्याचं मोजमाप आहे, हृदयाचं नाही. न्यूट्रोफिलमध्ये सीडी-११बी आतल्या कणिकांत तयार साठवलेलं असतं. पेशी थंड करून पुन्हा गरम केल्या की तो साठा काही मिनिटांत पृष्ठभागावर येतो, त्यासाठी अटॅक लागत नाही. आधी फोडणं-धुणं केल्यानेही हेच होतं. क्रम उलटा करा: १०० मायक्रोलिटर अख्ख्या रक्तात अँटिबॉडी, अंधारात २० मिनिटं, मग फॉर्मल्डिहाइड असलेलं, लाल पेशी फोडणारं लायसिंग द्रावण (१ एक्स, म्हणजे वापरण्याच्या तीव्रतेचं) २ मिली, १० मिनिटं, सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी वर ५ मिनिटं फिरवा. पेशी स्थिर झाल्यावर धुतलं तरी चालतं. बर्फ बंद. नाशिकच्या मे महिन्यात डबा नुसता उघडाही ठेवू नका, २०-२५ अंशांत राहील असं बघा. सर्वांत उत्तम म्हणजे वॉर्डातच अँटिबॉडी घालून स्थिर करून पाठवणं.

३० टक्क्यांचं कारण बहुधा गेट, म्हणजे मोनोसाइट निवडायला आलेखावर आखलेली चौकट; तिच्यात दुसऱ्या पेशी शिरताहेत. एनके पेशी आणि न्यूट्रोफिल दोन्हींवर सीडी-१६ असतं. मोनोसाइटवर असणाऱ्या एचएलए-डीआर प्रथिनाची अँटिबॉडी जोडा, त्यावर निगेटिव्ह ते बाहेर. सीडी-१६ची रेघ एफएमओ ट्यूब (बाकी सगळ्या अँटिबॉडी, फक्त सीडी-१६ची नाही) पाहून मारा, अंदाजाने नको.

गोदाकाठ: तुलनेचे नमुने लॅबमधल्याच लोकांचे चालतील?

पांढरी पेशी: चालतील, पण रक्त आडगावलाच काढून त्याच डब्यातून, तितक्याच वेळाने आलं पाहिजे. वेळ लक्षणं सुरू झाल्यापासून लिहा, दाखल झाल्यापासून नव्हे. अँजिओप्लास्टीआधीचा नमुना की नंतरचा हेही. हेपॅरिन आधीच दिलेलं असतं, त्याचीही नोंद हवी.

सायटोवेडा: एक भर. नुसते टक्के देऊ नका. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल इतके वाढतात की मोनोसाइटचे टक्के उगाच घटलेले दिसतात. सीबीसीवरून (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) प्रति मायक्रोलिटर आकडा काढा. आणि सीडी-११बीचं फक्त सक्रिय रूप ओळखणारी सीबीआरएम१/५ क्लोनची अँटिबॉडी वापरत असाल तर ईडीटीए नको, तिला कॅल्शियम लागतं.